न आलेला मेल

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. ग्रीनिचच्या घड्याळात साडेअकरा वाजत आले होते, म्हणजे आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट होत होती. गिटलॅब डॉट कॉमचा एक अभियंता डेटाबेसच्या एका चिवट बिघाडाशी झुंजत होता. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ज्या सेवांवर ठेवतात त्यांतली ही एक मोठी सेवा. तिचा पोस्टग्रेस डेटाबेस दोन सर्व्हरवर होता: एक मुख्य, दुसरा त्याची सतत नक्कल करत राहणारा. संध्याकाळपासून डेटाबेसवरचा भार वाढला होता, त्यात स्पॅम करणाऱ्यांचाही हात होता. नक्कल करणारा सर्व्हर इतका मागे पडला की त्याला हव्या असलेल्या नोंदी मुख्य सर्व्हरने तोवर काढूनही टाकल्या होत्या. आता मार्ग एकच उरला होता. दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं आणि मुख्य सर्व्हरवरून संपूर्ण प्रत नव्याने आणायची.

ही प्रत आणणारी कमांड म्हणजे पीजी-बेसबॅकअप. ती सुरू केली की मुख्य सर्व्हरचा चेकपॉइंट पूर्ण होईपर्यंत वाट पाहते, पण वाट पाहत आहोत असं सांगत नाही. स्क्रीनवर एक अक्षरही उमटत नाही. अभियंत्याला वाटलं, आधीच्या अर्धवट प्रयत्नांत फोल्डरमध्ये पडलेल्या फायली आड येत असाव्यात. त्याने ते फोल्डर उडवायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आलं की आपण दुसऱ्या नव्हे, मुख्य सर्व्हरवर आहोत. दोघांच्या नावांत फरक होता तो एका आकड्याचा. त्याने कमांड लगेच थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबींपैकी साधारण साडेचार जीबी शिल्लक होते.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोज एकदा पीजी-डंपने घेतलेली प्रत ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत जायला हवी होती. तिथे काहीच नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता आणि बॅकअपचं काम मात्र ९.२ चा पीजी-डंप करू पाहत होता. कोणती आवृत्ती वापरायची हे त्यांची प्रणाली डेटाच्या फोल्डरमध्ये पाहून ठरवायची. बॅकअप ज्या सर्व्हरवरून चालायचा तिथे डेटाबेसच नव्हता, त्यामुळे फोल्डरही नव्हतं. म्हणून प्रणालीने मुकाट्याने जुनी आवृत्ती निवडली. आपल्यापेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या डेटाबेसची प्रत घ्यायला पीजी-डंप नकार देतो. तसा तो देत होता. अझूरवरच्या डिस्कचे स्नॅपशॉट फायलींच्या सर्व्हरसाठी सुरू होते, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नव्हते. शेवटी सेवा वाचली ती एका योगायोगाने. घटनेच्या सुमारे सहा तास आधी त्याच अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी स्वतःहून एक एलव्हीएम स्नॅपशॉट घेतला होता. त्यावरून डेटाबेस परत उभा केला गेला. चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क संथ होत्या, त्यामुळे नुसती प्रत हलवायला सुमारे १८ तास लागले. मधल्या सहा तासांतले अंदाजे ५,००० प्रकल्पांचे तपशील, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती कायमची गेली. कोडची भांडारं वेगळ्या ठिकाणी होती, ती सुरक्षित राहिली.

गिटलॅबने हे काहीच लपवलं नाही. डेटा परत मिळवण्याचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या मोकळेपणाबद्दल या व्यवसायातल्या प्रत्येकाने त्यांचं ऋणी असावं, असं मला मनापासून वाटतं. अहवालात ज्या तपशिलावर मी पुन्हा पुन्हा थांबतो तो चुकीच्या सर्व्हरवर दिलेल्या कमांडचा नाही. थकलेल्या माणसाच्या हातून ते कुठेही होऊ शकतं. तपशील आहे तो मेलचा. पीजी-डंप दर वेळी अपयशी ठरत होता आणि वेळापत्रक सांभाळणारा क्रॉन दर वेळी त्याची तक्रार ई-मेलने पाठवत होता. पण खोटे मेल ओळखण्यासाठी कंपनीने डीमार्क ही पडताळणी लावली होती, आणि क्रॉनचे मेल त्या पडताळणीत बसतील अशी व्यवस्था केलेली नव्हती. त्यामुळे ते मेल स्वीकारलेच गेले नाहीत. बॅकअप बंद होता आणि तो बंद असल्याची बातमी देणारा मार्गही बंद होता.

मेल आला नाही तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की सारं ठीक आहे. सिस्टिम ॲडमिनच्या कामात याहून घातक गृहीतक मला माहीत नाही. बॅकअपची स्क्रिप्ट लिहिताना अपयश कळवण्याची सोय करणं पुरत नाही. यशाचा पुरावा मागावा लागतो, तो रोज मागावा लागतो, आणि ज्या सर्व्हरवर बॅकअप चालतो त्याच्या बाहेरून मागावा लागतो. रोजच्या कामासाठी साधी रचना अशी: सगळं नीट पार पडलं तरच स्क्रिप्टने शेवटी दुसऱ्या एखाद्या मशीनवर वेळेची नोंद करायची. ते मशीन ती नोंद तपासत राहतं आणि २६ तासांत नवी नोंद दिसली नाही तर आरडाओरडा करतं. स्क्रिप्ट मध्येच मेली, क्रॉन बंद पडला, सर्व्हरच जळाला, नेटवर्क तुटलं, मेल अडला, काहीही झालं तरी परिणाम एकच, नोंद न येणं. अपयशाच्या शंभर कारणांसाठी शंभर इशारे लिहीत बसावं लागत नाही.

पण यशाची नोंद खरी असायला हवी, आणि इथे शेलची एक जुनी खोड आडवी येते. डेटाबेसची प्रत घेऊन ती लगेच दाबून छोटी करायची असली की आपण पीजी-डंपचं आउटपुट पाइपमधून जीझिपकडे सोडतो. अशी साखळी संपल्यावर बॅश यश-अपयश ठरवतो ते साखळीतल्या शेवटच्या कमांडवरून. पीजी-डंप पहिल्याच क्षणी पासवर्डवर अडखळून पडला, तरी जीझिपच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. त्याला रिकामं इनपुट मिळालं, ते त्याने नियमाप्रमाणे दाबलं आणि २० बाइटची एक निर्दोष फाइल तयार केली. आजची तारीख तिच्या नावात असते. जीझिपची तपासणी चालवली तर फाइल शाबूत असल्याचं उत्तर मिळतं. फोल्डरमध्ये अशा फायलींची रांग महिनोन्‌महिने वाढत राहू शकते, आणि फक्त नावं पाहणाऱ्याला समाधान वाटत राहतं.

यावर उपाय बॅशमध्येच आहे. स्क्रिप्टच्या आरंभी सेट कमांडने पाइपफेल हा पर्याय लावला की साखळीतली कोणतीही कडी तुटली तरी सगळी साखळी अपयशी धरली जाते. त्याच्या जोडीला मायनस ई लावतात, म्हणजे कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. शिवाय मायनस यू, म्हणजे किंमतच न दिलेलं व्हेरिएबल वापरलं तर ती पुढे जात नाही. हे त्रिकूट लावून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत, म्हणून एक सांगायला हवं: इफच्या अटीत किंवा आणि-अथवाच्या जोडणीत सापडलेल्या कमांडच्या अपयशाकडे मायनस ई कानाडोळा करतो. म्हणून प्रत घेणाऱ्या मुख्य कमांडचा निकाल स्वतंत्रपणे, उघडपणे तपासलेला बरा. त्यापुढे फाइलचा आकारही पाहावा. कालची प्रत चार जीबीची आणि आजची चाळीस एमबीची असेल, तर कमांडने यश कळवलेलं असलं तरी कोणीतरी उठून पाहायला हवं.

टर्मिनलवर हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये टाकली की चालत नाही, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. आपण लॉगिन करतो तेव्हा शेल आपल्यासाठी बरंच काही मांडून ठेवतो. क्रॉन जवळजवळ काहीच मांडत नाही. कमांड शोधण्याच्या जागांची यादी त्याच्याकडे अगदी तोकडी असते. त्यामुळे काही कमांड सापडतच नाहीत. याहून वाईट म्हणजे भलत्याच आवृत्तीची सापडते: हाताने चालवताना नवा पीजी-डंप आणि क्रॉनमधून चालताना जुना. गिटलॅबमधलं कारण वेगळं होतं, पण खड्डा हाच. म्हणून स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. क्रॉनच्या ओळीत तर स्क्रिप्टच्या पत्त्यापलीकडे फारसं काही असू नये. तिथे टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन ते ओळ संपल्याची खूण मानतो, आणि फाइलच्या नावात तारीख घालायला तर नेमकं तेच चिन्ह लागतं. टर्मिनलवर तपासून इथे चिकटवलेली ओळ म्हणून मध्येच कापली जाते. वेळेचाही घोळ होतो. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर असेल तर रात्री साडेदहाला लावलेला बॅकअप आपल्याकडे पहाटे चारला सुरू होतो, ते चालेल. पण पहाटे पाच वाजताचा बॅकअप सकाळी साडेदहाला, नेमकी एखाद्या पतसंस्थेच्या खिडकीवर गर्दी असताना सुरू होईल.

प्रत घेताना आणखी दोन सवयी लावून घ्याव्यात. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि सगळे तपास झाल्यावरच तिला खरं नाव द्यावं. एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणं एका फटक्यात होतं, त्यामुळे खऱ्या नावाची अर्धवट फाइल कधी दिसतच नाही. दुसरं पासवर्डचं. तो कमांडच्या ओळीत लिहिला की कमांड चालू असेपर्यंत चालू कामांच्या यादीत डोकावणाऱ्याला दिसू शकतो. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी वेगळी पासवर्ड-फाइल असते. ती फक्त मालकालाच वाचता येईल अशी ठेवावी लागते, नाहीतर पोस्टग्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

डंपमध्ये काय येतं यापेक्षा काय येत नाही, हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं. पीजी-डंप एका डेटाबेसची प्रत घेतो. संपूर्ण सर्व्हरची वापरकर्ता-खाती त्यात येत नाहीत. ती पीजी-डंप-ऑलने वेगळी काढावी लागतात. मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर आपोआप येतात, पण साठवलेल्या प्रोसीजर आणि वेळापत्रकावर चालणारे इव्हेंट मुद्दाम मागावे लागतात. सिंगल-ट्रान्झॅक्शन या पर्यायाने लोकांचं काम न थांबवता एकाच क्षणाचं चित्र मिळतं, पण ते फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांचं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम प्रकारची टेबलं उरलेली असतील तर त्यांच्याबाबत तशी हमी नाही. मायएसक्यूएलच्या डंपची एक गोष्ट मला फार आवडते. काम तडीस गेलं की तो फाइलच्या अगदी शेवटी डंप पूर्ण झाल्याची ओळ लिहितो. ती शेवटची ओळ वाचून पाहायला स्क्रिप्टला क्षणही लागत नाही.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांसाठी एक धोका खास आपला आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. डंप घेताना अक्षरसंच चुकून लॅटिन-१ ठरवला गेला, तर त्या संचात देवनागरी नसल्यामुळे प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ही प्रश्नचिन्हं प्रतीतच उतरलेली असतात. मूळ डेटाबेस गेल्यावर त्यांतून ‘ज्ञानदेव’ परत काढणं कोणालाही शक्य नाही. मायएसक्यूएलच्या ५.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत डंपचा ठरलेला अक्षरसंच तीन बाइटपुरताच होता. त्यात देवनागरी तगायची आणि चार बाइटच्या इमोजी मात्र प्रश्नचिन्हं व्हायच्या. या सगळ्यात फाइलचा आकार संशयास्पद दिसेलच असं नाही, ओळींची संख्या बरोबर असते, शेवटची ओळही जागेवर असते. म्हणून तपासात एखादं जोडाक्षरांचं मराठी नाव डोळ्यांनी वाचण्याची पायरी असावीच.

जुन्या प्रती पुसणं हा बॅकअपच्या स्क्रिप्टचा सर्वांत धोकादायक भाग आहे, आणि तोच सगळ्यात घाईत लिहिला जातो. फाइंड कमांडने सात दिवसांपेक्षा जुन्या फायली शोधून पुसायच्या, अशी ओळ सर्रास दिसते. फाइंड आपले पर्याय डावीकडून उजवीकडे वाचतो. डिलीट हा शब्द वयाच्या अटीच्या आधी लिहिला गेला तर अट तपासण्याआधीच सगळं पुसलं जातं. ओळ अगदी बरोबर लिहिली तरीही तिच्यात एक खोल चूक राहते. नव्या प्रती तयार होणं बंद पडलं असेल आणि पुसणं मात्र चालू असेल, तर आठवड्याभरात शेवटची चांगली प्रतसुद्धा नियमानुसार पुसली जाईल. पुसण्याचं काम नव्या प्रतीच्या यशाला बांधलेलं हवं, आणि वय काहीही असलं तरी काही ठरावीक प्रती राखून ठेवायला हव्यात.

रिकामं व्हेरिएबल काय करू शकतं, हे जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या खेळांच्या दुकानाच्या लिनक्स आवृत्तीने दाखवलं. तिच्या एका शेल स्क्रिप्टमध्ये स्टीमच्या फोल्डरचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवून त्यापुढे तिरपी रेघ आणि तारा लिहून सगळं उडवायची कमांड होती. काही परिस्थितीत तो पत्ता रिकामा राहिला. मग उरली ती फक्त तिरपी रेघ आणि तारा, म्हणजे संपूर्ण मशीन. वापरकर्त्याला जे जे पुसण्याचा अधिकार होता ते सगळं गेलं, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरचंही. त्या ओळीच्या वर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हे भीतिदायक आहे अशी टीप लिहून ठेवली होती. शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसात अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह लिहिलं की किंमत रिकामी असल्यास कमांड चालतच नाही. एवढ्या तीन-चार चिन्हांनी तो अपघात टळला असता.

नक्कल करणारा दुसरा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हर जळाला तर तो उपयोगी पडतो. पण कोणी चुकून टेबल उडवलं, तर ते उडवणंही तो निमूटपणे आणि तत्काळ नकलतो. रोजचा डंपही अपुरा असतो, कारण दोन डंपांमधला दिवस उघडा पडतो. अशा पतसंस्थेच्या बाबतीत याचा अर्थ एका दिवसाच्या सगळ्या पावत्या. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत उतरतो. तिचे तुकडे भरतील तसे दुसरीकडे नेऊन ठेवले की मूळ प्रत आणि हे तुकडे जोडून डेटाबेस हव्या त्या क्षणापर्यंत आणता येतो, म्हणजे चूक होण्याच्या मिनिटभर आधीपर्यंतही. गिटलॅबकडे तेव्हा हे नव्हतं. तुकडे नेणारी स्क्रिप्ट आपणच लिहायची असते, आणि तिने तुकडा खरोखर सुरक्षित पोहोचल्यावरच यश सांगायचं असतं. तोवर पोस्टग्रेस तो तुकडा सोडत नाही, साठवत राहतो. स्क्रिप्ट बराच काळ अपयशी राहिली तर डिस्क भरून डेटाबेसच थांबतो. त्यामुळे या मार्गावर डिस्कच्या मोकळ्या जागेवरही नजर ठेवावी लागते.

प्रती कुठे ठेवायच्या याबद्दल छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रुळलेला तीन-दोन-एकचा नियम अजून टिकून आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. खंडणीखोर व्हायरसच्या काळात त्यात माझी एक भर. ज्या सर्व्हरचा बॅकअप आहे त्याच्या हाती जुन्या प्रती पुसण्याचा अधिकार नसावा. बॅकअपच्या मशीनने प्रत ओढून न्यावी. सर्व्हरने ती ढकलायची ठरवली, तर साठवणीत फक्त नवं लिहिता यावं, जुनं बदलता येऊ नये. नाहीतर मुख्य सर्व्हरवर घुसलेला माणूस त्याच चावीने बॅकअपचंही दार उघडतो.

आणि रिस्टोअर. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर सगळं उभं करून पाहावं: मुख्य टेबलांतल्या ओळी मोजाव्यात, शेवटच्या नोंदीची वेळ पाहावी, मराठी नावं वाचावीत आणि एकूण किती वेळ लागला ते लिहून ठेवावं. संस्थेच्या व्यवस्थापनाला सांगायचा आकडा हाच असतो. साहेबांना बॅकअप आहे असं सांगून भागत नाही. आज सर्व्हर गेला तर परवा दुपारी खिडकी उघडेल, असं सांगता आलं पाहिजे. ते ऐकल्यावर वेगवान डिस्कसाठी पैसेही मंजूर होतात. गिटलॅबच्या अहवालातल्या सुधारणांत रिस्टोअरची स्वयंचलित चाचणी होती, कोणता सर्व्हर आहे हे ठळक सांगणारा टर्मिनलचा प्रॉम्प्ट होता, आणि डेटा टिकण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे देणंही होतं. तोवर ती कोणा एकाचीच नव्हती, म्हणून बॅकअप चालतो का हे पाहणं कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

लहान संस्थांत ही जबाबदारी बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते. रिस्टोअरच्या पायऱ्या त्याने लिहाव्यात आणि चाचणी मात्र दुसऱ्या कोणीतरी, फक्त त्या कागदावरून करावी. अशा चाचणीत हमखास काहीतरी निघतं. बॅकअप कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शनची चावी फक्त त्याच सर्व्हरवर आहे, असंही निघू शकतं. ती चावी छापून, सीलबंद पाकिटात, कार्यालयाच्या तिजोरीत आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, आणि पाकीट कुठे आहे ते किमान दोघांना माहीत असावं.